चांदीचे रुपये आणि खाड्याचे पैसे

‘खाडा’ हा शब्द मी शाळेत जाण्याआधीच घरात शिकलो. माझे वडील गिरणीत कामाला होते आणि संध्याकाळी लालबागच्या एका व्यायामशाळेकडून कबड्डी खेळत. सामना आठवड्याच्या मधल्या वारी आला की पाळी बुडायची आणि पगाराच्या दिवशी पाकिटात तेवढे पैसे कमी यायचे. आई पैसे मोजून गप्प बसायची. वडील म्हणायचे, ‘‘खेळायचं तर खाडा पडणारच.’’ एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला ते गेलेच नाहीत. त्या महिन्यात आधीच तीन खाडे झाले होते. संघ हरला. त्याबद्दल वडील पुढे आयुष्यात एकदाच बोलले आणि तेही दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसे.

आज मी ज्या स्पर्धेविषयी बोलणार आहे ती इंग्लंडमधली आहे, खेळही आपल्याकडे फारसा न रुजलेला, रग्बी. पण त्या स्पर्धेचा इतिहास वाचताना मला सारखी आठवण होत राहिली ती या खाड्याची. शिवाय त्या गोष्टीची सुरुवात होते ती आपल्या कोलकात्यात, आपल्याच चांदीच्या रुपयांपासून.

रग्बी म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. चेंडू अंडाकृती, प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळायचे, पण हाताने पुढे फेकायचा नाही. तो बाजूला किंवा मागे द्यायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. पळणाऱ्याला कवळ्यात धरून आडवे पाडणे नियमाला धरूनच असते. मुंबईत आझाद मैदानासमोरच्या बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ पावसाळ्यात चालतो. शाळकरी वयात कुंपणाबाहेर छत्री धरून मी तो प्रथम पाहिला, तेव्हा चिखलात लोळणाऱ्या त्या माणसांकडे पाहून मला वाटले, ही तर चेंडू घेऊन खेळलेली कबड्डी!

आता कोलकात्याकडे वळू. १८७२ सालच्या नाताळात तिथल्या इंग्रज मंडळींनी रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. तो इतका रंगला की १८७३च्या जानेवारीत ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी हा क्लब इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सभासद झाला. पण बंगालची हवा या खेळाला मानवेना. पोलो आणि टेनिसकडे लोकांचा ओढा वाढला. क्लबात सभासदांना मिळणारी फुकटची दारूही बंद झाली आणि तेव्हापासून हजेरी आणखीच रोडावली, असे सांगतात. पाच वर्षांत क्लब बंद करायची वेळ आली.

क्लबाच्या खात्यावर थोडे पैसे शिल्लक होते. ते वाटून घ्यावेत, की जंगी मेजवानी करावी? क्लबाचे कप्तान, चिटणीस आणि खजिनदार अशा तिन्ही जबाबदाऱ्या सांभाळणारे जी. ए. जेम्स रॉथनी यांनी वेगळीच कल्पना मांडली. पैसे बँकेतून चांदीच्या रुपयांत काढायचे, ते वितळवायचे आणि त्यांचा एक चषक घडवून इंग्लंडच्या युनियनला भेट द्यायचा. त्याप्रमाणे २७० रुपये वितळवले गेले. त्या काळचा रुपया वजनाला एक तोळा भरायचा, म्हणजे २७० तोळे झाले. सुमारे दीड फूट उंचीचा चषक तयार झाला. त्याच्या तीन मुठी म्हणजे फणा काढलेले तीन नाग आणि झाकणावर हत्ती.

१८७८ साली हा चषक इंग्लंडला पोहोचला. देणाऱ्यांची इच्छा साधी होती: इंग्लंडमधल्या क्लबांनी दरवर्षी या चषकासाठी बाद पद्धतीची स्पर्धा खेळावी. असोसिएशन फुटबॉलवाल्यांनी, म्हणजे आपण ज्याला नुसते फुटबॉल म्हणतो त्या खेळाने, १८७१-७२च्या हंगामातच अशी स्पर्धा सुरू केली होती. ती एफ. ए. कप म्हणून आजही चालू आहे. रग्बीसाठी तसेच काही व्हावे, इतकीच अपेक्षा.

रग्बी युनियनने चषक ठेवून घेतला, आभार मानले. पण क्लबांची स्पर्धा काही घेतली नाही. १८७९च्या मार्चमध्ये एडिंबरा इथे इंग्लंड आणि स्कॉटलंड या चषकासाठी प्रथम खेळले. सामना बरोबरीत सुटला. तेव्हापासून ‘कलकत्ता कप’ हा या दोन देशांमधल्या सामन्याचा मान होऊन बसला. क्लबांना मात्र राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षे थांबावे लागले.

असे का झाले? युनियन चालवणारी मंडळी खाजगी शाळांत आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकलेली, खाऊनपिऊन सुखी. खेळ खेळासाठी खेळावा, हा त्यांचा बाणा. चषक आला की चुरस येते, चुरस आली की गर्दी येते, गर्दीबरोबर तिकिटाचे पैसे येतात आणि पैसे आले की खेळाडू त्यातला वाटा मागतो, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. उत्तर इंग्लंडमध्ये तेच घडत होते. यॉर्कशर परगण्याने १८७७ सालीच स्वतःची चषक स्पर्धा सुरू केली आणि तिला तुडुंब गर्दी लोटू लागली. पण तिथले खेळाडू कोण होते? कापड गिरण्यांतले, कोळशाच्या खाणींतले, गोदीतले कामगार. शनिवारी अर्धा दिवस काम असायचे. दूरच्या गावी सामना असला की त्या अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. इंग्रजीत त्यासाठी जो शब्द होता त्याचा शब्दशः अर्थ ‘मोडलेला वेळ’ असा होतो. माझ्या वडिलांनी त्याचे भाषांतर एका शब्दात केले असते: खाडा.

यॉर्कशरच्या क्लबांनी १८९३च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडला. मागणी पगाराची नव्हती. खेळामुळे जी मजुरी खरोखर बुडते, तेवढी भरून देण्याची परवानगी द्या, इतकेच मागणे होते. ठरावाच्या बाजूने १३६ मते पडली, विरुद्ध २८२. ठराव फेटाळला गेला. ज्याचा खाडा कधीच पडत नाही, त्याने खाडा भरून देण्याला विरोध करणे सोपे असते.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड या गिरण्यांच्या गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंगपर्यंत बुडीत मजुरी देता येईल, असे ठरले. १८९६-९७ला त्यांनी स्वतःचा चॅलेंज कप सुरू केला. पहिल्या अंतिम सामन्यात बॅटलीने सेंट हेलन्सला १०-३ असे हरवले. पुढे त्यांनी नियमही बदलत नेले, संघ तेरा जणांचा केला. हाच तो ‘रग्बी लीग’ नावाचा निराळा खेळ. पंधरा जणांच्या जुन्या ‘रग्बी युनियन’ने मग दार घट्ट लावून घेतले. लीगकडे गेलेल्या खेळाडूला परत प्रवेश नाही. एकदा गेला तो आयुष्यभरासाठी गेला.

गंमत अशी की याच काळात हेच इंग्रज आपल्या देशात चषकांवर चषक लावत होते. सिमल्याला १८८८ साली ड्युरँड कप, मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप, कोलकात्याला १८९३ साली आय. एफ. ए. शील्ड. ही शील्ड मोहन बागानने १९११ साली गोऱ्या संघाला हरवून जिंकली, हे आपण शाळेत वाचले आहे. मायदेशी मात्र रग्बी युनियनचे क्लब एकमेकांशी मैत्रीचे सामने खेळत राहिले. परगण्यापरगण्यांची स्पर्धा होती, पण देशातला सर्वांत चांगला क्लब कोणता, याचे उत्तर मैदानावर देण्याची सोय नव्हती.

ती सोय झाली १९७१-७२च्या हंगामात. एफ. ए. कपच्या पहिल्या हंगामानंतर बरोबर शंभर वर्षांनी! त्याच हंगामात वेल्सनेही आपली क्लब स्पर्धा सुरू केली आणि तिच्या अंतिम सामन्यात नीथने लानेल्लीला १५-९ असे हरवले. योगायोगाने याच हंगामात ‘ट्राय’चे गुण तीनवरून चार झाले. बहुधा दोन्ही बदलांमागे एकच जाणीव असावी, की बघणाऱ्याला काहीतरी घडताना दिसले पाहिजे.

इंग्लंडमधल्या त्या पहिल्या हंगामाचा नायक होता ग्लॉस्टरचा संघ. पश्चिमेकडचे हे गोदी-कारखान्यांचे शहर. किंग्जहोम मैदानावर गावकरी उभे राहून, बोंबा मारून संघाला पाठिंबा देत. पण नशीब असे की अंतिम सामन्यापर्यंत एकही सामना ग्लॉस्टरच्या वाट्याला घरच्या मैदानावर आला नाही. बाथला जाऊन बाथला हरवले, ब्रिस्टलला जाऊन ब्रिस्टलला. मग लंडन वेल्श. त्याआधीच्याच उन्हाळ्यात ब्रिटिश आणि आयरिश लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये जाऊन मालिका जिंकली होती. त्या दौऱ्यावर या एका क्लबाचे सात जण होते आणि कप्तान जॉन डॉज हाही त्यांचाच. त्यांनाही ग्लॉस्टरने त्यांच्याच मैदानावर गारद केले. उपांत्य सामना कव्हेंट्रीत, तोही जिंकला.

अंतिम सामना ट्विकनहॅमला, बर्मिंगहॅमच्या मोझली क्लबाशी झाला. सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तेवढ्यात मोझलीचा धिप्पाड नायजेल हॉर्टन याला ठोसा मारल्याबद्दल पंचांनी बाहेर काढले. देशाच्या पहिल्यावहिल्या क्लब अंतिम सामन्यातच हे झाले! चुरस आली की सभ्यता जाते, असे शंभर वर्षे म्हणणाऱ्यांना त्या दिवशी नक्कीच बरे वाटले असेल. ग्लॉस्टर १७-६ असे जिंकले. कप्तान माइक निकल्स याने चषक उचलला. तो पाहायला किती लोक होते? साधारण साडेदहा हजार. अर्ध्या लाखाहून अधिक माणसे मावणाऱ्या त्या मैदानात ती चिमूटभर वाटली असतील.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. ग्लॉस्टर क्लबाची स्थापना १८७३ची आणि मोझलीचीही १८७३ची. म्हणजे कोलकात्याचा तो अल्पायुषी क्लब जन्मला त्याच वर्षी. त्याने चांदी वितळवून जे स्वप्न पाठवले, ते त्याच्या दोन समवयस्कांनी पूर्ण केले. दहा वर्षांनी, १९८२ साली, हेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात आले. जादा वेळेनंतरही १२-१२ अशी बरोबरी राहिली आणि चषक दोघांत वाटून दिला गेला.

प्रेक्षक हळूहळू आले. १९७५-७६पासून एका सिगारेट कंपनीचे नाव स्पर्धेला लागले. बाथने १९८४ ते १९९६ या काळात दहा वेळा चषक नेला. १९९०च्या अंतिम सामन्यात त्यांनी ग्लॉस्टरचा ४८-६ असा फडशा पाडला, तेव्हा ट्विकनहॅमवर पन्नास हजारांच्या घरात लोक होते. १८७८ची मंडळी म्हणत होती तसेच झाले: चषकामागून गर्दी, गर्दीमागून पैसा. आणि २७ ऑगस्ट १९९५ रोजी रग्बी युनियनने खेळाडूला मोबदला देण्यावरची बंदी उठवली. हडर्सफील्डच्या त्या बैठकीला शंभर वर्षे पूर्ण व्हायला दोनच दिवस कमी होते.

नव्या पैशाने या स्पर्धेलाही सोडले नाही. साखळी आणि युरोपातल्या स्पर्धा मोठ्या झाल्या, आणि २००५ नंतर इंग्लिश क्लबांचा तो जुना चषक त्या रूपात राहिला नाही. पैशाने खेळ बिघडतो की सुधारतो, या वादात मी पडत नाही. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडेही २०१४पासून प्रो कबड्डी आली, खेळाडूंच्या बोली लागू लागल्या आणि त्यावर नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात.

मला एवढेच म्हणायचे आहे, की पैशाशिवाय खेळावे असे सांगणाऱ्याने समोरच्याच्या घरी महिनाअखेर काय होते, ते आधी पाहावे. १८९३ साली त्या २८२ जणांनी ते पाहिले नाही आणि एका खेळाचे दोन खेळ झाले.

वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांच्या पेटीत एक पितळी बिल्ला निघाला, कुठल्याशा स्पर्धेतल्या उपविजेतेपदाचा. त्याच्याखाली गिरणीच्या पगाराची एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती. खाड्यांच्या रकान्यात ‘२’ असा आकडा होता. दोन्ही वस्तू मी तशाच, एकत्र ठेवल्या आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)