एफटीपी, वॉचमन आणि वाण्याचा पोऱ्या

फायरवॉल सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, एफटीपीचं नाव काढलं की तो सुस्कारा टाकतो. पोर्ट २१ उघडलं, पासवर्ड चालला, लॉगिनही झालं, आणि फाइलींची यादी मागितली की सगळं ठप्प! नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. खरं तर नियम बरोबर असतो, फक्त तो अर्ध्याच गोष्टीचा असतो. उरलेली अर्धी गोष्ट पन्नास वर्षं जुनी आहे आणि मला ती फार आवडते, म्हणून आज हे पाल्हाळ. (संगणकाशी वैर असलेल्या नातेवाईक मंडळींनी पळून जाऊ नये, पुढे वाणी येणार आहे.)

सुरुवात आपल्याकडच्याच एका माणसापासून होते. अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, १९६५ चे पदवीधर. पुढे ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी 'आरएफसी ११४' हे टिपण लिहिलं. आरएफसी म्हणजे साधारण 'यावर आपलं मत कळवा' अशा थाटाचा कागद. हुकूम नव्हे, विचारणा. इंटरनेटचे सगळे कायदे अशा विचारणांतून झाले, याचं मला अजून नवल वाटतं. अर्पानेट तेव्हा मोजक्या विद्यापीठांचं आणि संशोधन संस्थांचं. यंत्रं मात्र भलत्याच जातीची, कुणाचा शब्द ३६ बिटांचा तर कुणाचा ३२. इकडची फाइल तिकडे धड कशी पोचवायची, हा प्रश्न होता. पासवर्डाची सोय होती, पण वाटेत उभा राहून अडवणारा कुणी नव्हताच.

१९७२ च्या सुधारित टिपणात दोन जोडण्या वेगळ्या झाल्या. एक बोलण्यासाठी, दुसरी मालासाठी. आता वाणी आणूया. तुम्ही घरून वाण्याला फोन करता (तो पोर्ट २१), आणि सांगता, 'दोन किलो साखर अमुक फ्लॅटवर पाठवा.' वाणी आपला पोऱ्या (पोर्ट २०) तुमच्या दारी धाडतो. एफटीपीत हा पत्ता सहा आकड्यांत सांगतात. पहिले चार संगणकाचे, शेवटचे दोन पोर्टाचे. शेवटून दुसऱ्याला २५६ ने गुणायचं आणि शेवटचा मिळवायचा. म्हणजे १९५ आणि ८० असले की पोर्ट ५००००. झक्क व्यवस्था!

मग नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने हजारो यंत्रं आडवी केली आणि सोसायट्यांना वॉचमन लागले. वॉचमनचा नियम सोपा: आतल्याने बाहेर जावं, बाहेरच्याने आत येऊ नये. पोऱ्या साखर घेऊन गेटवर उभा, वॉचमन म्हणतो, 'कोण तू? वर जायचं नाही.' वर तुम्ही वाट बघताय. पुढे पत्ते पुरेनात म्हणून नॅट आलं, आणि तुम्ही वाण्याला नुसता फ्लॅट नंबर सांगू लागलात, सोसायटीचं नावच नाही. बिचारा शोधणार कुठे?

तोड काढली स्टीव्हन बेलोविन यांनी, १९९४ च्या 'आरएफसी १५७९' मध्ये. गंमत म्हणजे त्यांनी नवीन काहीच शोधलं नाही. पासिव्ह नावाची आज्ञा आधीपासूनच होती. तिसरीकडे बसलेल्या माणसाने दोन सर्व्हरांत परस्पर फाइल हलवायची, तर त्यातल्या एकाने गप्प बसून वाट पाहायला हवी, त्यासाठीची. बेलोविन म्हणाले, ग्राहकांनी सरसकट हीच वापरावी. म्हणजे पोऱ्या येणारच नाही, वाणी सांगणार, 'अमुक खिडकीवर या', आणि तुम्ही स्वतः जाणार. तुमचा वॉचमन खूश.

पण वाण्याच्या दुकानालाही वॉचमन असतोच की! खिडकी दर वेळी वेगळी, मग उघडायच्या किती? इथे दोन मार्ग. एक म्हणजे वॉचमनला फोन ऐकायला शिकवणं. २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ च्या फायरवॉलला ही युक्ती यायची. ती पोर्ट २१ वरचं बोलणं वाचून नेमकी तेवढीच खिडकी तेवढ्यापुरती उघडायची. मला हे फार हुशारीचं वाटतं आणि थोडं आगाऊपणाचंही. शिवाय संभाषण टीएलएसने कूटबद्ध केलं की वॉचमनला काहीच ऐकू येत नाही. मग दुसरा, कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग उरतो: सर्व्हरला ५०००० ते ५०१०० असा छोटा पट्टा ठरवून द्यायचा, तोच फायरवॉलमध्ये २१ च्या जोडीला उघडायचा, आणि सर्व्हर नॅटमागे असेल तर त्याला त्याचा बाहेरचा पत्ता सांगून ठेवायचा.

'एफटीपीची रचनाच चुकली' असं हल्ली सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. उलट हाक मारली तर दार उघडेल, असं मानणाऱ्या नेटवर्कसाठी ती होती. तसं नेटवर्क राहिलं नाही, एवढंच.

असो. आता एकाच पोर्टावर, २२ वर, सगळं उरकणारं एसएफटीपी आहे. क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. आणि जुन्या ब्लॉगकरांना आठवत असेल, ब्लॉगरवर लिहून नोंद एफटीपीने आपल्या स्वतःच्या जागेवर पाठवता यायची. ती सोय मे २०१० मध्ये बंद झाली, तेव्हा कितीतरी जणांना आपलं बिऱ्हाड हलवावं लागलं.