डायनासोरच्या आधी तिथे एक सरडा होता

आजचा भाग ऐकायला नाही, वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून देतोय. बोलताना जे अडखळलो ते गाळलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

आज आपण हवाईला जातोय. म्हणजे मी जाऊन आलोय, तुम्हाला आता नेतोय.

झालं असं, की कंपनीने मला तीन महिन्यांसाठी कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं. माझी ताई तिथेच असते. एका लाँग वीकेंडला ती म्हणाली, "अरे, परत कधी येशील माहीत नाही. होनोलुलू इथून पाच-सहा तासांवर आहे. चल." मी म्हटलं, चल. आणि माझी अट एकच होती: ज्युरासिक पार्क जिथे शूट झाला ती दरी बघायची.

आता ज्युरासिक पार्क आला १९९३ मध्ये. भारतात तो १९९४ ला हिंदीत डब होऊन लागला. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण केबलवर मी तो इतक्या वेळा पाहिलाय की हिंदी डायलॉग पाठ आहेत. त्यात एक सीन आहे बघा. हिरवंगार मोकळं माळरान, मागे उभे कडे, आणि शहामृगासारख्या डायनासोरांचा कळप धावत अंगावर येतो. डॉक्टर ग्रँट आणि दोन पोरं एका आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे लपतात. तो ओंडका ओआहू बेटावर आहे. कुआलोआ नावाच्या जागी, काआआवाच्या दरीत. आणि तिथे आता गाईडबरोबर इलेक्ट्रिक बाईकवर फिरता येतं.

बाईकबद्दल आधी सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये विचाराल. ती आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरसारखी नसते. सायकलच असते, पॅडल मारावंच लागतं, फक्त तुम्ही जोर लावला की मोटर त्यात स्वतःचा जोर मिसळते. चढ आला की मागून कुणीतरी हलकेच ढकलतंय असं वाटतं. लहानपणी बाबा सायकलची सीट धरून धावायचे ना, तसं. आणि आवाज नाही. त्यामुळे गाईड पुढून जे सांगत होता ते ऐकू येत होतं. तिथे वयाने मोठ्या माणसाला 'अंकल' म्हणायची रीत आहे, ओळख असो-नसो. अगदी आपल्या 'काका'सारखं. म्हणून आम्हीही त्याला अंकलच म्हणत होतो.

ओंडका आला. सगळ्यांनी घाबरल्याचे फोटो काढले. आम्हीपण काढले, खोटं कशाला बोलू. ती दरी म्हणजे खरंच कमाल आहे. दोन्ही बाजूंना कोओलाऊ डोंगररांगेचे कडे, पावसाने उभ्या पन्हळी पाडलेले. सह्याद्रीचे कडे पावसाळ्यात पाहिलेत तर थोडी कल्पना येईल.

अंकलनी सांगितलं की शूटिंगचं बरंच काम काउआई बेटावर चालू होतं. ११ सप्टेंबर १९९२ ला तिथे इनिकी नावाचं चक्रीवादळ आदळलं. टीम हॉटेलात अडकली, सेटची वाट लागली. त्यामुळे राहिलेला कळपाचा सीन मग इथे झाला. पुढे गॉडझिला आला, लॉस्ट ही मालिका आली, काँग आला. एकेका सिनेमाची पाटी लावलेली आहे.

मग त्याने एक वेगळाच प्रश्न विचारला. "या सिनेमांमध्ये ही जागा कुठली म्हणून दाखवलीय, सांगा बघू?"

आम्ही मोजायला लागलो. ज्युरासिक पार्कमध्ये ही कोस्टारिकाजवळचं एक काल्पनिक बेट आहे. १९९८ च्या गॉडझिलात पनामा. विंडटॉकर्समध्ये सायपान. काँगमध्ये स्कल आयलंड. ताई म्हणाली, "म्हणजे कुआलोआ म्हणून एकदाही नाही?"

तो फक्त हसला आणि समुद्राकडे बोट दाखवलं.

किनाऱ्यापासून जवळच एक छोटं टोकदार बेट आहे. पर्यटकांच्या नकाशावर त्याला 'चायनामन्स हॅट' म्हणतात, कारण ते चिनी मजुरांच्या शंकूसारख्या टोपीसारखं दिसतं. त्याचं मूळ नाव मोकोलीई. अर्थ, छोटा सरडा. गोष्ट अशी आहे की ज्वालामुखीची देवी पेले, तिची धाकटी बहीण हीइआका इथून प्रवास करत होती. वाटेत एक प्रचंड मोओ, म्हणजे राक्षसी सरडा, आडवा आला. तिने त्याला मारलं आणि शेपटी समुद्रात भिरकावली. ते बेट म्हणजे ती शेपटी. आणि डोंगराच्या पायथ्याची सपाट जमीन म्हणजे त्याचं अंग.

मंडळी, मी त्या क्षणी बाईक धरून नुसता उभा राहिलो. मी जगाच्या दुसऱ्या टोकाहून इथे एक खोटा महाकाय सरडा बघायला आलो होतो. आणि इथे त्याच्या कितीतरी आधीपासून एक महाकाय सरडा पडून होता, त्याच्यावरच आम्ही सायकल चालवत होतो, आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

तर आता खरा इतिहास. रात्री हॉटेलवर आणि नंतर पुण्याला परत आल्यावर मी यावर बरंच वाचलं.

कुआलोआ ही ओआहूवरच्या सगळ्यात पवित्र जागांपैकी एक. सरदारांच्या मुलांना वाढवायला, शिकवायला इथे आणायचे. समोरून जाणाऱ्या होड्या आदर म्हणून शीड उतरवायच्या. अठराव्या शतकात माऊई बेटाचा राजा काहेकिली याने ओआहूच्या राजाकडे कुआलोआ मागितलं, तेव्हा इथल्या मुख्य पुरोहिताने विरोध केला. त्याचं म्हणणं होतं की हे दिलं म्हणजे राज्यच दिल्यासारखं आहे. पुढे १७८३ मध्ये काहेकिलीने ओआहू लढाई करून घेतलंच.

आणि जागा नुसती पवित्र नव्हती, कामाची होती. किनाऱ्याला मोलीई नावाचं मासे वाढवायचं तळं आहे. साधारण १२५ एकर, शेकडो वर्षं जुनं. दगडी बांध घालून समुद्राचा तुकडा अडवलाय आणि बांधाला जाळीची दारं ठेवलीत. भरतीबरोबर बारीक मासे आत येतात, आत खाऊन मोठे होतात आणि मग जाळीतून बाहेर पडू शकत नाहीत. कोकणातल्या लोकांना खारबंदिस्तीची उघाडी आठवेल. भरती-ओहोटीला कामाला लावायची तीच अक्कल. हवाईत डोंगराच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतच्या अशा एका पट्ट्याला आहुपुआआ म्हणत. वर लाकूड, मध्ये अळूची शेती, खाली मासे. हो, आपलंच अळू, फक्त ते लोक त्याचा कंद मुख्य अन्न म्हणून खातात.

महत्त्वाचं म्हणजे ही जमीन कुणाच्या मालकीची नव्हती. राजा, सरदार, कसणारी माणसं, प्रत्येकाचा तिच्यावर काहीतरी हक्क होता आणि तिच्यासाठी काहीतरी काम होतं. त्याला त्यांचा शब्द आहे कुलेआना. हक्क आणि जबाबदारी, दोन्हींना मिळून एकच शब्द. आपल्याकडे 'वतन' होतं ना, जमीन मिळायची पण तिच्यासोबत गावाची चाकरीही यायची, त्याच्या थोडंफार जवळचं.

मग आलं १८४८. राजा तिसरा कामेहामेहा याने जमिनीची वाटणी केली. तिला म्हणतात 'माहेले'. राजा आणि सरदार यांच्यात जमिनी विभागल्या, नावावर चढल्या. परदेशी सत्ता आल्या तर कागद तरी आपल्या हातात असेल, अशीही एक आशा त्यामागे होती. १८५० मध्ये आणखी दोन कायदे आले. एकाने परदेशी लोकांना जमीन विकत घ्यायला परवानगी दिली. दुसऱ्याने सामान्य हवाईयन माणसाला तो कसत असलेल्या तुकड्यावर दावा करायची सोय दिली.

कागदावर किती छान वाटतं ना? पण दावा करायचा तर मोजणी करा, साक्षीदार आणा, फी भरा. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या तिथेच राबल्या, त्यांना 'ही जमीन माझी आहे' असं लिहून द्यायचं म्हणजे काय, हेच कळेना. त्यात बाहेरून आलेल्या रोगांनी गावंच्या गावं रिकामी होत होती. शेवटी सामान्य लोकांच्या हाती आली ती बेटांच्या एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी.

आणि त्याच १८५० मध्ये कुआलोआची ६२२ एकर जमीन १,३०० डॉलरला विकली गेली. एकरी दोन डॉलरच्या आसपास. घेणारे होते डॉ. गेरिट जड. हा माणूस काही साधा खलनायक नाही हं. १८२८ मध्ये मिशनबरोबर डॉक्टर म्हणून आला, हवाईयन भाषा शिकला, लोकांवर उपचार केले, राजाचा विश्वासू मंत्री झाला. पण जमिनीची ही नवी व्यवस्था बसवणाऱ्यांमध्येही तो होता आणि तिचा फायदा मिळालेल्यांमध्येही.

मग तिथे ऊस आला. १८६३ च्या सुमारास जड यांच्या मुलाने आणि जावयाने साखरेचा कारखाना काढला. जावई वाइल्डर, त्यांचा लहान मुलगा उकळत्या रसाच्या काहिलीत पडला आणि गेला. पाऊस पुरेना, आणि १८७१ मध्ये कारखाना बंद पडला. त्याची पडकी चिमणी अजून हायवेच्या कडेला उभी आहे.

पुढचं भराभर सांगतो. १८९३ ला राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं गेलं, १८९८ ला अमेरिकेने हवाई जोडून घेतलं. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि लष्कराने कुआलोआचा ताबा घेतला, धावपट्टी केली, डोंगरात बंकर खोदला. तो बंकर आजही आहे. आत आता सिनेमांचे पोस्टर आणि सामान मांडलंय. म्हणजे युद्धाचा खरा बंकर, आणि आत खोट्या गोष्टींचं प्रदर्शन.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज साधारण ४,००० एकरांची ही जागा जड यांच्याच वंशजांकडे आहे. ते सांगतात की नुसत्या गुरांवर भागत नव्हतं. सिनेमा आणि पर्यटक आले म्हणून दरी मोकळी राहिली. नाहीतर वायकिकीसारख्या इमारती झाल्या असत्या. मला हे म्हणणं पटतं. ती दरी मी मोकळी पाहिली, मोलीई तळंही अजून आहे, ते याचमुळे. पण डोंगर तसाच राहणं वेगळं, आणि तिथे गेलेल्या माणसाला तो कुणाचा, कशाचा हे कळणं वेगळं. अंकलनी बोट दाखवलं नसतं, तर मी ओंडक्याचा फोटो घेऊन घरी आलो असतो.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय?

आमचं गाव राजापूर तालुक्यात. खाडीवर. गेलं वर्षभर आमच्या फॅमिली ग्रुपवर एक पीडीएफ फिरतेय. एका एजंटने पाठवलेली. आमची जमीन, वर ड्रोनचा फोटो, खाली लिहिलंय 'सी व्ह्यू, प्लॉट ए ते एफ'. काका म्हणतात विकून टाकू, कोण जातंय तिकडे? बाबा काहीच म्हणत नाहीत. आणि काका चुकीचं बोलत नाहीत. मी स्वतः चार वर्षांत गेलेलो नाही. त्या पीडीएफला मी अंगठा दाखवला होता. रिॲक्शन म्हणून, सवयीने.

हवाईहून ताईच्या घरी परत आलो, त्या रात्री आजीला फोन लावला. गावी सकाळ होती. म्हटलं, आजी, आपल्या शेतांना नावं आहेत का गं?

"असतील नाय तर काय? नाव नसलं तर पोरांस पाठवायचं कुठे?"

आणि ती सांगत गेली. पाटाखालची. वडाची मळी. कोंडीवरची. जिथे तिच्या सासऱ्यांना साप चावला तो तुकडा. जिथे तिने पहिल्यांदा लावणी केली ती 'नवरीची'. मी फोन रेकॉर्डिंगला लावला होता. ताई शेजारी बसून लिहून घेत होती आणि मध्येच म्हणाली, "नवरीची? म्हणजे तुझ्यावरून?" आजी नुसती हसली.

सतरा नावं झाली. सातबाऱ्यावर आमच्या जमिनीचे चार गट नंबर आहेत. पीडीएफमध्ये सहा अक्षरं.

जमीन विकायची की नाही, ते दिवाळीत सगळे जमतील तेव्हा ठरेल. मी काय म्हणणार ते अजून मलाच नीट माहीत नाही. पण तो अंगठा मी काढून टाकला, आणि त्याखाली ती सतरा नावं टाईप करून पाठवली. काकांनी निळी टिक दिली, उत्तर नाही दिलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी एकच ओळ लिहिली: "अठरावी राहिली. विहिरीकडची."

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरात जे कुणी सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्यांना विचारा, आपल्या शेताला, परसाला, आळीला काय म्हणायचे? फोनवर रेकॉर्ड करा. आणि मला पाठवा, पुढच्या भागात त्यातली काही ऐकवतो.

भेटूया. काळजी घ्या.