दोन पाईपांची गोष्ट

संपादक मंडळाने प्रत्येकाला आपापल्या व्यवसायाविषयी काहीतरी लिहायला सांगितले. डॉक्टर आणि शिक्षक झालेल्या मित्रांचे काम सर्वांना ठाऊक असते. माझी बरीच वर्षे अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत गेली. हे काम नेमके काय, ते घरच्यांनाही नीट सांगता आलेले नाही. म्हणून आज या गिअरबॉक्समधून निघून रेडिएटरकडे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या दोन बोटभर जाडीच्या पाईपांचा इतिहास सांगतो. तिकडे हजारो ट्रकमालक हेच पाईप कापून दुसरीकडे वळवतात. ते तसे का करतात, हे समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

सुरुवात रस्त्यावर झाली नाही, जहाजावर झाली. जर्मनीत हेरमान फॉटिंगर या अभियंत्याने १९०५ मध्ये तेला-पाण्याच्या प्रवाहातून शक्ती पुढे नेण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले की झाले. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत 'हायड्रामॅटिक' आणला तो याच तत्त्वावर. क्लचचे पेडल गेले. पुढे महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यातही कॅडिलॅक इंजिनांच्या जोडीला हेच गिअरबॉक्स बसले.

पण दुसरा पंखा पहिल्याइतक्या वेगाने कधीच फिरत नाही. मधल्या फरकाची शक्ती जाते कुठे? ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आपण विज्ञानाच्या तासाला पाठ केले होते. ती तेल तापवते. चढावर, ओझे ओढताना, गाडी हळू आणि इंजिन जोरात असताना सर्वांत जास्त. सहलीला जाताना घाटात एसटी तापली की ड्रायव्हर बाजूला घेऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतत असे, ते आठवा. तिथे फक्त इंजिन तापत होते. या गाड्यांत तापणारी दुसरी वस्तू आली.

लहान गाड्यांत काही काळ वाऱ्यावर भागले. वजनदार गाड्यांसाठी जी सोय रूढ झाली ती अशी: रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर बसवायचा आणि दोन पाईपांनी गिअरबॉक्सचे तेल त्यातून फिरवायचे. बाहेर इंजिनचे पाणी, आत तेल. ही सोय हुशारीची होती. रेडिएटरचे पाणी तापलेले तेल थंड करते, आणि कडाक्याच्या थंडीत गोठल्यासारखे जाड झालेले तेल लवकर गरमही करते. परंतु एका पातळ धातूच्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन शत्रू राहायला आले. गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्यांवर कागदासारखे अस्तर चिकटवलेले असते. त्यात पाणी आणि ग्लायकॉल शिरले की अस्तर फुगते आणि सुटते.

त्या भिंतीची पहिली मोठी परीक्षा एका देवमाशामुळे झाली. गिअर अलगद बदलावा म्हणून त्या काळच्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले आणि ते तेल मिळणे बंद झाले. जनरल मोटर्सने 'डेक्स्रॉन-२' हे नवे तेल आणले. मासा वाचला. पण या तेलाच्या पहिल्या रूपाने कूलरचे सांधे जोडणारा डाकच खायला सुरुवात केली. सत्तरीच्या दशकाच्या मध्याला तेलाचे सूत्र पुन्हा बदलावे लागले. समुद्रातल्या प्राण्यासाठी केलेला योग्य कायदा रेडिएटरच्या डाकापर्यंत पोहोचेल, असे कोणाला वाटले असते?

दुसरी परीक्षा अलीकडची. २००५ ते २०१० या काळातल्या निस्सानच्या फ्रंटिअर, एक्सटेरा आणि पाथफाइंडर गाड्यांपैकी काहींत रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी आणि तेल एक होऊ लागले. तयार होणाऱ्या गुलाबी फेसाळ द्रवाला मालकांनी 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' असे नाव दिले. कंपनीने वॉरंटी वाढवली, प्रकरण कोर्टात जाऊन तडजोडीने मिटले. तिकडचा पिकअप म्हणजे सुताराचे, प्लंबरचे, शेतकऱ्याचे पोट. गिअरबॉक्स बदलायला हजारो डॉलर लागतात आणि तोवर काम बंद. म्हणून लोकांनी कूलर फुटायची वाटच पाहिली नाही. रेडिएटरचे दोन पाईप सोडवले, तिथली तोंडे बंद केली आणि तेल थेट जाळीमागे बसवलेल्या वेगळ्या कूलरमध्ये नेले. पाणी आणि तेल यांची गाठच तोडली.

तिसरा अध्याय उलट दिशेचा आहे. इंधन बचतीचे नियम कडक झाले. थंड तेल जाड असते आणि शक्ती खाते. म्हणून काही नव्या ट्रकांत कंपन्यांनीच पाईपांच्या वाटेत थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह घातला, जो तेल सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय त्याला कूलरकडे पूर्ण जाऊ देत नाही. ट्रेलर ओढणाऱ्यांना हे रुचले नाही. काहींनी वॉल्व्ह काढला, काहींनी आतला भाग उलटा बसवला, म्हणजे वाट कायम उघडी.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारत आलो आहे : गाडी कुठे चालवता आणि मागे काय ओढता? ॲरिझोनात घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्याला वेगळा कूलर हवाच. पण मिनेसोटात हिवाळ्यात रिकामी गाडी चालवणाऱ्याने रेडिएटर पूर्ण तोडला, तर त्याचे तेल कधी गरमच होत नाही. त्याच्यासाठी चांगला रेडिएटर शाबूत ठेवून त्याच्या पुढे जोडीला दुसरा कूलर लावणे बरे. कामही नीट हवे. गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनवलेलाच रबरी पाईप, टोकाला कंगोरा असलेली नळी आणि चांगली क्लॅम्प. गुळगुळीत कापलेल्या नळीवर नुसता पाईप चढवला, तर तो दाबाने निसटतो आणि तापलेल्या सायलेन्सरवर तेल उडाले की आग लागते.

या पाईपांच्या इतिहासात मूर्ख असा कोणी नाही. प्रत्येकाने समोरची अडचण खरोखर सोडवली. पुढची अडचण निघाली ती त्या उपायाला चिकटलेल्या दुसऱ्या कशाततरी. म्हणून पाईप कापू नका असे मी कधीच म्हणत नाही. तो तिथे कोणी आणि कशासाठी घातला, हे आधी समजून घ्या आणि मग खुशाल कापा.

आता आपल्याकडेही ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आहेत. क्लच यंत्राने दाबणाऱ्या स्वस्त एएमटी गाड्यांना हे पाईप नसतात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांना तेलाचा कूलर असतो. तुमची तशी गाडी असेल, तर सर्व्हिसिंगच्या वेळी कूलंटच्या टाकीत एकदा डोकावा. गुलाबी दूध दिसले, तर गाडी तिथेच बंद करा आणि टो करून न्या. घरापर्यंत चालवत नेण्याच्या मोहात बरेच गिअरबॉक्स गेले आहेत.