भागांची निवड आणि यंत्राची जोडणी



बारावीचे निकाल लागले, की आपल्याकडच्या पुष्कळ मुलांची पावले नवी मुंबईकडे वळतात. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर या भागांत महाविद्यालये पुष्कळ आणि राहण्याची सोयही होते. मुलगा तिकडे रुळतो आणि दिवाळीच्या सुमारास घरी फोन येतो, “बाबा, मला कॉम्प्युटर घ्यायचाय. साधा नको, गेमिंगचा. पार्ट निवडून जोडून घेणार आहे.” किंमत विचारावी, तर आकडा दोन लाखांच्या पुढे जातो. दोन चांगल्या दुभत्या म्हशी दावणीला येतील एवढा पैसा! बाप गोंधळतो आणि शाळेत मास्तरांना विचारायला जातो. आता मास्तरांनी तरी काय सांगावे?

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने या बाजारात कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. पण गंमत अशी, की हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात यापूर्वी दोनदा जाणत्या माणसांपुढे उभा राहिला होता. पैसा मोजका, भाग अनेक; त्यांतले कोणते घ्यावेत आणि ते कसे जोडावेत? त्यांनी काय केले ते पाहिले, म्हणजे घरच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाते.

पहिली गोष्ट मुंबईतली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना मोठमोठी गणिते करावी लागत. परदेशी संगणक विकत आणणे तेव्हा फार अवघड होते. तेव्हा संस्थेने ठरवले, की यंत्र आपणच बांधायचे. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळी कामाला लागली. त्यांनी एकदम मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी एक लहान नमुना-यंत्र बांधले आणि ते १९५६ च्या अखेरीस चालू केले. त्यावर शिकून मग मोठे यंत्र उभारले. ते १९६० साली रीतसर कामाला लागले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले ‘टिफ्रॅक’.

या यंत्रात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत तापून लाल होणाऱ्या काचेच्या नळ्या तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या असतील, त्याच जातीच्या या नळ्या. त्याची स्मृती होती २,०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या चांगल्या गेमिंग संगणकात ३२ जीबी रॅम असते. ती टिफ्रॅकच्या स्मृतीच्या सुमारे ३३ लाख पट भरते. आणि एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्या यंत्राला आलेख आणि अक्षरे दाखवणारा पडदाही जोडलेला होता. म्हणजे संगणकाने पडद्यावर चित्र काढण्याचे काम या मातीत काही कालपरवाचे नाही.

या गोष्टीत एक कडू भागही आहे. टिफ्रॅक बांधून होईपर्यंत जगात व्हॉल्व्ह मागे पडले आणि ट्रान्झिस्टरची यंत्रे आली. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आला. मग टिफ्रॅकचे श्रम फुकट गेले काय? मुळीच नाही. त्याने आपली गणिते केली आणि हे शास्त्र जाणणारी माणसे तयार केली. यातून आपण काय घ्यायचे? आज घेतलेला सगळ्यांत नवा भाग उद्या जुना होणार, हे धरूनच चालावे. ‘सगळ्यांत नवा कोणता?’ हा निवडीचा प्रश्नच नव्हे. ‘माझे काम कोणते?’ हा खरा प्रश्न.

दुसरी गोष्ट पुण्याची. १९८० नंतरच्या दशकात आपल्या देशाला महासंगणक हवे होते. अमेरिकेची क्रे कंपनी ते बनवत असे. दिल्लीच्या हवामानखात्यासाठी एक क्रे मिळाला, पण अनेक अटींसह. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला त्याहून मोठा हवा होता, तो काही मिळाला नाही. तेव्हा सरकारने १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था काढली आणि तीन वर्षांची मुदत घालून दिली. प्रमुख होते विजय भटकर. १९४६ साली अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेला हा माणूस.

आता भागांची निवड पाहा. अतिवेगवान असा एकच मोठा प्रोसेसर मिळण्यासारखा नव्हता. मिळत होते ते इंग्लंडातल्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. हे लहान प्रोसेसर एकमेकांना जोडता येतील अशाच बेताने घडवलेले होते. शेतातले उदाहरण घ्या. खुरपणीला एक पैलवान लावला, तर तो कितीही बळकट असला तरी एका वेळी एकच सरी धरणार. शंभर बायका शंभर सऱ्यांना बसल्या, तर दुपारपर्यंत रान मोकळे! मात्र सऱ्या नीट वाटून देणारा मुकादम पाहिजे, नाहीतर गोंधळच व्हायचा. सी-डॅकने ट्रान्सप्युटर जोडले, त्यांच्यात काम वाटणारी प्रणालीही तयार केली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. श्रेय एकट्या भागांचे नव्हते. जोडणीचेही तितकेच होते.

या दोन्ही घराण्यांची गाठ पुढे नवी मुंबईतच पडली. टाटा संस्थेतल्या संगणक-विभागातून निघालेली एनसीएसटी ही संस्था १९८५ साली स्वतंत्र झाली आणि २००३ मध्ये सी-डॅकमध्ये सामील झाली. आज खारघर स्टेशनासमोर सी-डॅकचे केंद्र आहे. आपला मुलगा कदाचित रोज त्याच्यावरूनच जात असेल.

मोठ्या यंत्रांचे झाले. घरच्या यंत्राचे काय? परवान्यांच्या जमान्यात सामान्य माणसाला भाग निवडण्याची मुभाच नव्हती. १९८४ च्या नव्या संगणक-धोरणाने आयातीचे दार किलकिले झाले आणि १९९१ नंतर चांगलेच उघडले. मग मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने वाढली. गल्ल्यापाशी उभे राहून ‘हा घ्या, तो नको’ म्हणत जोडून घेतलेल्या यंत्राला लोक ‘असेंबल्ड’ म्हणू लागले. आपला मुलगा म्हणतो तो हाच प्रकार.

आता त्याच्या यादीकडे वळू. तीत सर्वांत महाग भाग असतो ग्राफिक्स कार्ड. ते का लागते? पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. खेळ सुरळीत दिसायचा तर सेकंदाला निदान ६० चित्रे हवीत. गुणाकार करा: दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचे रंग ठरवायचे! पण एका ठिपक्याचा हिशेब बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी खोळंबत नाही. म्हणून हे काम हजारो लहान गणकांना वाटून देता येते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खुरपणीची टोळी, प्रोसेसर म्हणजे मुकादम. ‘परम’चे आणि या कार्डाचे गोत्र वेगळे, पण तत्त्व तेच.

मग निवड कुठून सुरू करावी? पडद्यापासून. मुले कार्डापासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. साध्या पडद्यावर, म्हणजे १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांवर, फोर-केच्या बरोबर चौथाई काम असते. पडदा तसा असेल तर सगळ्यांत मोठे कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आधी पडदा ठरवा, मग त्याला पुरेल तेवढे कार्ड, मग त्या कार्डाला काम पुरवू शकेल असा प्रोसेसर. नुसत्या खेळासाठी १६ कोरांच्या प्रोसेसरपेक्षा ८ कोरांचा, पण पोटातली कॅश-स्मृती मोठी असलेला प्रोसेसर पुष्कळदा सरस ठरतो. व्हिडिओ जुळवणे किंवा ॲनिमेशन ही कामे असतील, तर जास्त कोर कामी येतात. रॅम ३२ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा १६-१६ च्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माल लवकर पोचतो. एसएसडीने खेळ लवकर उघडतो, पण चित्रांचा वेग तिच्याने फारसा वाढत नाही.

मदरबोर्ड म्हणजे जू. बैल बदलला तरी जू टिकावे, असे ते असावे. एएमडी कंपनीचा एएम-४ हा सॉकेट २०१६ साली आला आणि पुढे प्रोसेसरच्या कित्येक पिढ्या त्यावर बसल्या. २०२२ मध्ये एएम-५ आला. मदरबोर्ड घेताना विचारावे, “यावर पुढचा प्रोसेसर बसेल का?”

आता ज्याकडे कोणी पाहत नाही तो भाग: एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. दुकानदाराच्या तयार पॅकेजात काटकसर बहुधा इथेच होते, कारण हा डबा दिसत नाही. विहिरीवर मोटर मोठी बसवली आणि वायर बारीक ओढली, तर काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. २०२५ साली आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे कार्ड एकटे ५७५ वॅटपर्यंत वीज ओढते आणि त्यासाठी १,००० वॅटचा एसएमपीएस घ्यावा असे कंपनीच सांगते. त्याच पिढीतल्या ५०७० ला २५० वॅट पुरतात आणि ६५० वॅटचा एसएमपीएस चालतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते. खाडीकाठची दमट हवा, लहानशी खोली आणि आत हा हीटर! म्हणून दिव्यांच्या रोषणाईपेक्षा कॅबिनेटमध्ये वारा खेळतो का, ते पाहावे. यंत्र सुट्टीत गावी आणायचे असेल, तर घरच्या अर्थिंगची तपासणी करून घ्यावी. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ऐन खेळात वीज गेली तर तो अशा यंत्राला सावरणार नाही.

भावाचेही एक सांगतो. मुलगा ठाणे-वाशी लोकलने जातो, त्या ऐरोली-महापे पट्ट्यात आणि पलीकडे पनवेलकडे मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभरच्या अशा केंद्रांची मागणी वाढली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. म्हणजे आपला मुलगा आणि त्या अवाढव्य इमारती एकाच बाजारात गिऱ्हाईक आहेत. तेव्हा खरेदीच्या आठवड्यातले भाव पाहूनच यादी पक्की करावी. प्रत्येक भागाचे बिल घ्यावे आणि वॉरंटी कोण देणार, किती वर्षे देणार, ते लिहून घ्यावे.

“पण मास्तर, एवढे करून शेवटी खेळच ना?” बाप विचारील. रास्त प्रश्न आहे. खेळासाठी वाढलेले हे तंत्र केवढ्या कामाला आले, तेही त्याला सांगा. एनव्हिडियाने १९९९ साली जीफोर्स २५६ हे कार्ड खेळणाऱ्यांसाठी काढले. त्याच कंपनीच्या, त्याच तत्त्वाच्या पण कितीतरी मोठ्या चिपा घेऊन सी-डॅकने २०२० साली पुण्यात ‘परम सिद्धी-एआय’ उभा केला आणि त्या वर्षी नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो ६३ वा आला. म्हणून कार्ड वाईट नाही आणि खेळही वाईट नाही. खेळाव्यतिरिक्त त्या यंत्रावर काय होणार आहे, एवढे मात्र मुलाने सांगितले पाहिजे.

तेव्हा मास्तरांनी एक करावे. मुलाला वहीचे एक पान लिहून आणायला सांगावे. त्यावर पाच ओळी: कोणते खेळ आणि कोणते काम, पडदा कोणता, एकूण रक्कम किती, प्रत्येक भागाला तिचा किती वाटा आणि का, तीन वर्षांनी कोणता भाग बदलणार. टिफ्रॅकवाल्यांनी आधी लहान नमुना बांधून पाहिला होता. आपला नमुना म्हणजे हे पान. ते भरताना यादी बहुधा आपोआप लहान होते. आणि झाली नाही, तरी एवढा पैसा कुठे चालला आहे हे घराला कळते. मग बापाला ‘नाही’ म्हणायलाही कारण सापडेल आणि ‘हो’ म्हणायलाही.