मुसीचा महापूर आणि रिकाम्या जागेचे मोल

उन्हाळ्यात मुसी नदीचे क्षीण पात्र पाहिले म्हणजे हिने एके काळी हैदराबाद शहर बुडविले यावर विश्वास बसत नाही. तथापि २८ सप्टेंबर १९०८ रोजी जो अनर्थ घडला, त्यात सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असा अंदाज रूढ आहे. हजारो घरे जमीनदोस्त झाली, आणि सुमारे ऐंशी हजार माणसांस निवारा उरला नाही. अफझलगंजच्या दवाखान्याजवळील एका चिंचेच्या झाडावर दीडशे माणसे तगून राहिली, ही हकीकत तेथील लोक अद्यापि सांगतात.

निजाम मीर महबूब अली खान यांनी निराश्रितांसाठी आपल्या वाड्यांची दारे उघडली, हे त्यांस भूषणावह होय. पण पूर पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न अन्नछत्राने सुटणारा नव्हता. त्यासाठी दरबाराने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले. यांचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झालेले. खडकवासल्याच्या सांडव्यावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे आपल्याकडे परिचित आहेतच. १९०९ साली ते हैदराबादेस आले.

त्यांच्या शोधाचा जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याची चर्चा फारशी होत नाही. शहराच्या वरच्या अंगास पाणलोटात ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले. एकाचा बांध गेला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळे, आणि तोही जाई. म्हणजे आकाशातून पडले त्यापेक्षा अधिक पाणी शहरावर एकाच वेळी लोटले. दैवास दोष देणे सोपे असते. बांधाची डागडुजी कोणी टाळली हे विचारणे अवघड.

उपाय म्हणून मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर दोन जलाशय झाले: उस्मानसागर १९२० साली, हिमायतसागर १९२७ साली. यातली मेख अशी, की पूर अडवावयाचा तर जलाशयात जागा रिकामी ठेवावी लागते, आणि तहान भागवावयाची तर तो भरलेला लागतो. एकाच भांड्याकडून दोन कामे घेतली गेली. सुबत्तेच्या वर्षांत रिकामे भांडे कोणास आवडते? पूर न येणे हा लाभ जमाखर्चाच्या वहीत कोठेच दिसत नाही.

१९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. दाटीच्या वस्त्या हलविल्या गेल्या, रस्ते रुंद झाले, आणि नदीकाठी उच्च न्यायालय व उस्मानिया रुग्णालय यांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. काठाची शोभा वाढली हे खरेच. परंतु हातावर पोट असलेल्या माणसास कामाच्या जागेपासून लांब नेणे म्हणजे त्याच्या मिळकतीतून रोज थोडे कापून घेणे होय, हा हिशेब अशा योजनांत सहसा मांडला जात नाही.

पुढे शहर वाढले ते तलावांच्या पोटात. बांध राहिला, त्यामागची जागा मात्र घरांनी व्यापली. कारण स्वस्त जमीन तेथेच मिळे. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत दक्षिणेकडील मोहल्ल्यांत पाणी शिरले, आणि घरांतील चीजवस्तू एका रात्रीत गेली. उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या भिंती त्या वेळी शाबूत होत्या. फुटले ते तलावांचेच बांध.