सर्वस्वपण आणि नलाचें अक्षहृदय

द्यूतांत सर्वस्व पणास केव्हां लावावें, हा प्रश्न केवळ नीतीचा नसून गणिताचाही आहे, असें म्हटल्यास पुष्कळांस तें रुचणार नाहीं. द्यूत निंद्य होय, ही परंपरा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तापासून चालत आलेली आहे, व ती आम्हांसही मान्य आहे. परंतु निंद्य वस्तूचेंही शास्त्र असूं शकतें, आणि महाभारतकारांस तें अवगत होतें, असें वनपर्वांतील नलोपाख्यानावरून आम्हांस वाटतें. मराठींत ही कथा रघुनाथपंडिताच्या 'नलदमयंतीस्वयंवराख्याना'नें रसिकांच्या मनांत ठसविली. त्यामुळें हंस सर्वांस आठवतो, बेहडे कोणास आठवत नाहींत.

उपाख्यानांत नल पुष्कराशीं दोनदां खेळतो. पहिला डाव कित्येक महिने चालतो. सोनें, वाहनें, वस्त्रें असे एकामागून एक पण लागतात. प्रत्येक पण राज्याच्या मानानें लहान, पण बेरीज सर्वस्वाची. शेवटीं पुष्कर दमयंती पणास लाव म्हणतो, तेव्हां नल कांहीं न बोलतां अंगावरचे अलंकार उतरून एका वस्त्रानिशीं बाहेर पडतो. दुसऱ्या डावांत मात्र तोच नल, मिळविलेलें सर्व धन व दमयंतीसुद्धां, एकाच पणास लावतो, वर प्राणांचाही पण बोलतो, आणि एकाच फेंकींत राज्य परत घेतो. हरतांना जें त्यानें नाकारलें, तें पुढें आपण होऊन कां केलें?

कलि अंगांतून निघून गेला म्हणून, हें उत्तर कथेपुरतें खरें आहे. परंतु कवीनें दोन डावांच्या मध्यें गणनेचा एक प्रसंग मुद्दाम घातला आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण धांवत्या रथांतून एका बेहड्याकडे पाहून सांगतो कीं, याच्या दोन फांद्यांवर पांच कोटी पानें व २०९५ फळें आहेत. सारथ्याच्या वेषांतील नल रथ थांबवून फळें मोजतो, आणि संख्या बरोबर येते. यावर ऋतुपर्ण आपणांस अक्षहृदय जाणणारा व संख्यानांत निपुण अशीं दोन्हीं विशेषणें एकाच दमांत लावतो. वृक्षही बेहड्याचाच, कारण प्राचीन द्यूतांतील अक्ष म्हणजे बेहड्याचीं फळें. घेतलेल्या फळांच्या संख्येस चारांनीं भागून बाकी शून्य उरल्यास कृत, तीन उरल्यास त्रेता, दोन उरल्यास द्वापर व एक उरल्यास कलि, अशी या खेळाची रीति ल्यूडर्स या जर्मन पंडितानें १९०७ सालच्या आपल्या ग्रंथांत विशद केली आहे. अर्थात् राशि पाहतांच जो तिची संख्या ओळखतो, त्यास डावाचें फळ आधींच कळतें. अक्षहृदय तें हेंच, असें आमचें अनुमान आहे. संभाव्यतेच्या इतिहासाचा शोध घेतांना हॅकिंग यांनींही १९७५ सालीं याच प्रसंगाकडे लक्ष वेधलें आहे.

तथापि केवळ गणना पुरेशी नाहीं. यासाठीं आजच्या पोकर या पत्त्यांच्या खेळाचें उदाहरण घेऊं. न्यूमन व मॉर्गेनस्टर्न यांनीं १९४४ सालच्या ग्रंथांत त्याचेंच एक सुलभ रूप विवेचनास घेतलें होतें. त्याच्या टेक्सस होल्डेम या प्रकारांत प्रत्येकास दोन झांकलीं पानें मिळतात व पुढें पांच पानें सर्वांकरितां उघडतात. बावन्न पानांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात. रंग एक कीं भिन्न एवढेंच पाहिल्यास १६९ प्रकार उरतात. दोन एक्क्यांची जोडी सरासरीनें २२१ वेळां एकदां येते. एकाच अज्ञात प्रतिस्पर्ध्यापुढें ती शंभरांत सुमारें ८५ डाव जिंकते, नऊ जणांपुढें सुमारें ३१. शिवाय गांठीं किती आहे हेंही पाहावें लागतें. पानें वांटण्यापूर्वीं भरावयाच्या सक्तीच्या पणाच्या (तीनपत्ती खेळणारे अशाच पणास बूट म्हणतात) दसपटच द्रव्य उरलें असून प्रतिस्पर्धी एकच असेल, तर प्रथम बोलणाऱ्यानें निम्म्याहून अधिक जोड्यांवर सर्वस्व लावणें गणितास मान्य आहे. द्रव्य शंभरपट असतां तेंच करणें मूर्खपणाचें. कारण एवढ्या थोड्या प्राप्तीसाठीं एवढें लावल्यावर समोरचा तें आव्हान बलवान् पानांवरच स्वीकारील.

म्हणजे पानांचें बल, लावावयाचें व मिळावयाचें यांचें प्रमाण, आणि समोरचा काय समजतो, अशा तीन गोष्टी पाहावयाच्या. दुसऱ्या डावांत नलास तिन्ही अनुकूल होत्या. संख्यान त्याच्या हातीं होतें. नव्यानें मिळविलेल्या धनाच्या बदल्यांत राज्य मिळावयाचें होतें. आणि पुष्कर त्यास पूर्वींचाच नल समजून हंसत बसला. लहान पण लावून दोन डाव जिंकले असते, तर पुष्कर सावध होऊन उठता. म्हणून एकच पण.

ही कथा बृहदश्व कोणास सांगतो, हें विसरूं नये. सभापर्वांत युधिष्ठिरानें यांतली एकही गोष्ट न पाहतां भाऊ व पत्नी पणास लावली. कथेच्या शेवटीं बृहदश्व त्यास सांत्वनाबरोबर अक्षहृदयही देतो. उपाख्यानाचें प्रयोजन आमच्या मतें येथेंच आहे.

सुखठणकरांनीं संपादिलेलें आरण्यकपर्व १९४२ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु खासगी संग्रहांतील पोथ्या अनेक आहेत. कोपरगांवच्या नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसह वनपर्वाची पोथी ज्यांच्यापाशीं असेल, त्यांनीं बेहड्याच्या श्लोकांतील आंकडे व समासांतील टीपा पाहून कळवाव्या, ही विनंती. लेखकूच्या एखाद्या चुकलेल्या अंकावरूनही पोथीची परंपरा ओळखतां येते.