हजार डॉलरचा प्रोसेसर नेमका कशाचे पैसे घेतो?

२४ ऑगस्ट १९९८. या एकाच दिवशी इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, किंमत १४९ डॉलर. थोड्याच दिवसांत हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, तर हा स्वस्तातला सेलेरॉनही बऱ्याचदा ४५० वर आरामात चालतो. त्याची कॅशे लहान होती, पण ती चिपमध्येच असल्याने पूर्ण वेगाने चालायची. पेंटियमची कॅशे चौपट मोठी, पण चिपच्या बाहेर आणि निम्म्या वेगाची. गेम खेळताना दोघांतला फरक जेमतेम जाणवायचा. मग वरचे ५२० डॉलर कशाचे होते?

महागडा डेस्कटॉप प्रोसेसर घ्यावा का, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. मला वाटतं, त्याचं उत्तर बेंचमार्कच्या तक्त्यांपेक्षा या किमतींच्या इतिहासात जास्त सापडतं.

आधी चिप कशी विकली जाते ते बघू. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप एकदम तयार होतात, पण सगळ्या सारख्या निघत नाहीत. काही जास्त वेगाने चालतात, काही कमी, काहींचा एखादा भाग बिघडलेला असतो. मग त्यांची प्रतवारी होते. बागेतला हापूस एकच असला तरी पेटी भरताना आकार बघून वेगवेगळा भाव लागतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे चांगल्या आंब्यालाही कधीकधी मुद्दाम दुय्यम ठरवतात. १९९१ साली आलेला ४८६ एसएक्स हा मुळात ४८६ डीएक्सच होता, फक्त अपूर्णांकांची गणितं करणारा भाग बंद केलेला. तो भाग हवा असेल तर ४८७ एसएक्स नावाची चिप वेगळी घ्यायची. ती म्हणजे जवळजवळ अख्खा डीएक्स. ती बसवली की आधीची चिप गप्प बसायची.

‘सर्वांत वरचा’ हा वेगळा वर्ग ठळक झाला २००३ मध्ये. एएमडीने सप्टेंबरात ७३३ डॉलरचा ॲथलॉन ६४ एफएक्स-५१ आणला. त्याला उत्तर म्हणून इंटेलने सर्व्हरसाठी बनवलेली चिप डेस्कटॉपच्या वेशात उभी केली: पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशन, ९२५ डॉलर. पुढे हा आकडा ९९९ वर स्थिरावला. २००६ चा कोअर २ एक्स्ट्रीम एक्स६८०० घ्या किंवा २००८ चा कोअर आय७-९६५, किंमत तीच.

या ९६५ चंच उदाहरण घेऊ. त्याच्याच घराण्यातला आय७-९२० मिळत होता २८४ डॉलरला. दोघांतही चार कोअर, दोघांतही ८ मेगाबाइट कॅशे. वेग ३.२ विरुद्ध २.६६ गिगाहर्ट्झ. म्हणजे सुमारे वीस टक्के वेगासाठी साडेतीनपट पैसे. जानेवारी २०११ मध्ये ३१७ डॉलरचा आय७-२६०० के आला आणि बहुतेक कामांत ९६५ च्या पुढे निघून गेला. हजार डॉलर भरणाऱ्याने विकत घेतली होती ती दोन वर्षांची आघाडी.

त्यानंतरच्या काळात एएमडी मागे पडली आणि इंटेलला कोणी विचारणारं उरलं नाही. २०१६ मध्ये दहा कोअरचा आय७-६९५० एक्स १,७२३ डॉलरला आला. मग २ मार्च २०१७ ला एएमडीने आठ कोअरचा रायझन ७ १८०० एक्स ४९९ डॉलरला आणला. इंटेलच्या आठ कोअरच्या चिपची किंमत तेव्हा हजाराच्या वर होती. पुढे काय झालं, तर २०१८ चा अठरा कोअरचा आय९-९९८० एक्सई १,९७९ डॉलरला होता आणि २०१९ चा अठरा कोअरचाच आय९-१०९८० एक्सई ९७९ डॉलरला. तेच १४ नॅनोमीटरचं तंत्रज्ञान, कोअर तितकेच आणि किंमत निम्मी. सिलिकॉन स्वस्त झालं नव्हतं, समोर दुसरं दुकान उघडलं होतं.

मग वरचा प्रोसेसर कधीच घेऊ नये का? तसंही नाही. इथे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम उपयोगी पडतो. समजा, एखाद्या कामाचा ८० टक्के भाग अनेक कोअरमध्ये वाटता येतो आणि २० टक्के एकाच कोअरला ओढावा लागतो. आठ कोअरवर ते काम ३.३ पट वेगाने होईल, सोळा कोअरवर ४ पट. कोअर दुप्पट, फायदा वीस टक्के. कोअर कितीही वाढवा, पाचपटीच्या पुढे जाता येणार नाही. मी सी प्लस प्लसचा मोठा प्रकल्प बिल्ड करतो तेव्हा हे रोज दिसतं. फाइली कंपाइल होताना सगळे कोअर राबतात, पण शेवटचं लिंकिंग आलं की बहुतेक कोअर हात बांधून उभे राहतात. ॲनिमेशनच्या रेंडरिंगचं उलट आहे. तिथे काम जवळजवळ पूर्ण वाटता येतं, आणि तासांवर पैसे कमावणाऱ्याला प्रत्येक जादा कोअर परतफेड करतो. गेमिंगची तऱ्हा आणखी वेगळी. २०२४ मध्ये आलेला ४७९ डॉलरचा रायझन ७ ९८०० एक्स३डी मोठ्या कॅशेच्या बळावर बहुतेक गेममध्ये त्याच कंपनीच्या सोळा कोअरच्या ६४९ डॉलरवाल्या भावंडाला मागे टाकतो.

यातल्या बहुतेक किमती अमेरिकेतल्या यादीतल्या आहेत. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात पोचेपर्यंत रुपयाचा दर आणि कर त्यात भर घालतात, म्हणजे शेवटच्या वीस टक्क्यांची किंमत आपल्याला जास्तच बोचते. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांचा पगार ओतण्याआधी एक साधी गोष्ट करावी. आपण कॉम्प्युटरची वाट बघत बसतो तेव्हा टास्क मॅनेजर उघडून पाहावं. सगळे कोअर शंभर टक्क्यांवर धापा टाकत असतील आणि त्या वाट बघण्याचे कोणी आपल्याला पैसे देत असेल, तर वरचा प्रोसेसर खुशाल घ्यावा. एकच कोअर राबत असेल, तर मधल्या किमतीचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत रॅम, एसएसडी किंवा चांगला मॉनिटर घ्यावा.